वेस, पहारा आणि घरचा संगणक

वेस म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांस समजावून सांगण्याचे कारण नाही. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस ही नावे आज रिक्षावाल्याला सांगावयाचे पत्ते झाली आहेत. परंतु एके काळी ह्या शहराभोवती तट होता, तटाबाहेर खंदक होता आणि आत यावयाचे तर ह्या वेशींतूनच यावे लागे. पुढे तट गेला, खंदक बुजला, बिंदू चौकात त्याची थोडीशी खूण तेवढी उरली. तट गेला म्हणून कोणी घोडेस्वार येऊन शहर लुटून गेला नाही, कारण लुटारू येण्याची रीतच तोपर्यंत बदलून गेली होती. संरक्षणाच्या प्रत्येक साधनाला त्याचा काळ असतो आणि ते एका विशिष्ट वाटेने येणाऱ्या शत्रूसाठी बांधलेले असते. वाट बदलली की उत्तम तटही शोभेचा होतो.

आज आपल्या घरांना आणखी एक दार आले आहे. ते रस्त्यावर उघडत नाही, टेबलावरच्या संगणकात उघडते. त्या दारातून उसाचे बिल जमा झाल्याची नोंद येते, परगावी शिकणाऱ्या मुलीचे प्रवेशपत्र येते, पेन्शनचा हिशेब येतो; आणि त्याच दारातून चोरही येतो. तेव्हा गृहस्थ संगणकाच्या दुकानात जाऊन विचारतो, 'अँटिव्हायरस कोणता घेऊ?' प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर डब्यावरील नावांत शोधण्यापूर्वी चोर आजवर कोणकोणत्या वाटांनी आले आणि प्रत्येक वाटेवर कोणता पहारा बसला, हा इतिहास पाहणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

संगणकाच्या ह्या रोगाला 'व्हायरस' हे नाव मिळाले ते १९८३ साली. अमेरिकेतील फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसविणारा एक छोटा प्रोग्रॅम प्रयोगादाखल चालवून दाखविला आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन ह्यांनी त्याला हे नाव सुचविले. कोहेनने पुढे गणिताच्या आधारे एक गोष्ट सिद्ध केली, ती आजच्या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. सर्व व्हायरस नेमके ओळखील आणि एकाही निर्दोष प्रोग्रॅमवर खोटा आळ घेणार नाही, असा परिपूर्ण पहारेकरी बनविणे शक्यच नाही, असा तो सिद्धान्त होय. म्हणजे अँटिव्हायरसचा धंदा नीट सुरू होण्यापूर्वीच त्याची मर्यादा ठरून गेली होती. कोणत्याही डब्यावर 'शंभर टक्के संरक्षण' असे छापलेले दिसले, तर कोहेनची आठवण ठेवावी.

पहिली वाट फ्लॉपीची. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी ह्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. त्यांचे संगणकाचे दुकान होते आणि त्यांनी तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरून नकला होत असत, त्या करणाऱ्यांना अद्दल घडवावी, एवढाच आपला हेतू होता असे ते सांगत. गंमत अशी की, व्हायरसच्या पोटात त्यांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातले होते. फ्लॉपी ह्या संगणकातून त्या संगणकात गेली की रोगही जाई. पाहता पाहता तो समुद्रापार पोचला.

आपल्याकडेही लवकरच एक पाहुणा निघाला, आणि त्याचे आडनाव आपल्या ओळखीचे होते! १९९० साली भारतात प्रथम आढळलेला 'जोशी' हा व्हायरस दरवर्षी ५ जानेवारीला संगणक अडवून धरी आणि पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करावयास सांगे. तेवढे टाइप केले की काम पुन्हा सुरू होई. हा जोशी कोण, त्याचा जन्मदिवस खरोखर ५ जानेवारी होता काय, हे इतिहासाला ठाऊक नाही. तो काळच तसा होता. उपद्रव होता, पण त्यात कॉलेजातल्या पोरांची खोडी अधिक आणि दरोडा कमी होता.

ह्याच काळात पुण्यात आणखी दोन भाऊ दुकान चालवीत होते. सातारा जिल्ह्यातील कुटुंबात जन्मलेले कैलास काटकर महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या नोकरीत त्यांनी हाताचे कसब कमावले, मग स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि यंत्रे बदलली तसे ते संगणकाकडे वळले. दुरुस्तीला येणारे कित्येक संगणक मोडलेले नसत, व्हायरसने बाधलेले असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ह्या रोगांवर उतारे लिहावयास सुरुवात केली. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आला. पुढे २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअरबाजारात दाखल झाले. लाहोरच्या दुकानात दोन भावांनी रोग लिहिला आणि पुण्याच्या दुकानात दोन भावांनी औषध. ह्यातील योगायोग बाजूला ठेवला तरी एक बोध उरतो. हे औषध रोग्याच्या उशाशी बसून तयार झालेले होते. गिऱ्हाइकाचा संगणक उघडून पाहणाऱ्या माणसाला रोग कोणत्या वाटेने आला हे आधी कळले, आणि उतारा मग सुचला.

हा उतारा काम कसा करतो, तेही थोडक्यात पाहू. पोलीस ठाण्यात जशी सराईत गुन्हेगारांची नोंदवही असते, तशी अँटिव्हायरसपाशी ठाऊक असलेल्या व्हायरसांच्या खुणांची वही असते. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो ह्या खुणांशी ताडून पाहतो. ह्यात उणीव उघड आहे. ज्याचे नाव वहीत नाही, तो नवा चोर साळसूदपणे आत जाणार. म्हणून वही नित्य ताजी ठेवावी लागते. आणि पुढे पुढे फाइलीच्या चेहऱ्याबरोबर तिची वागणूकही तपासण्याची पद्धत आली. एखादा प्रोग्रॅम भराभर सगळ्या फाइलींना हात घालू लागला, तर वहीत नाव असो वा नसो, त्याला धरावयाचे. तथापि वही आणि नजर ह्या दोन्ही गोष्टी अखेर माणसांनी बनविलेल्या असल्याने चुकू शकतात.

औषधाच्या धंद्यात भयाचाही वाटा असतो, हे १९९२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी ६ मार्चला 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस लक्षावधी संगणकांतील माहिती पुसून टाकणार, अशी हाकाटी जगभर झाली. लोकांनी धावत जाऊन अँटिव्हायरस विकत घेतले. ६ मार्च उजाडला आणि मावळला. नुकसान झाले, पण लाखांत नव्हे, काही हजार संगणकांचे. ती भीती निखालस खोटी नव्हती, परंतु तिचे माप कोणी घेतले नव्हते, एवढे खरे.

दुसरी वाट टपालाची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि चोराला फ्लॉपीची गरज उरली नाही. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेले 'आय लव्ह यू' ह्या मथळ्याचे ईमेल काही तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. सोबतची फाइल उघडली की ती संगणकातील फाइली बिघडवी आणि पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला तेच प्रेमपत्र धाडून देई. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले, मथळा गोड. कोण उघडणार नाही? ज्याने ते लिहिले तो सापडला, पण त्या देशात तेव्हा अशा कृत्याविरुद्ध कायदाच नसल्याने सुटला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीवाचून व्हायरस घालणे हे भरपाईस पात्र कृत्य ठरले.

तिसरी वाट तारेची. आणि येथे फायरवॉलची, म्हणजे वेशीची, गोष्ट सुरू होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस ह्या अमेरिकन विद्यार्थ्याचा एक प्रोग्रॅम कोणी काही उघडले नसताना तारांतूनच एका संगणकातून दुसऱ्यात सरपटत गेला. त्या काळी जाळ्यात साठ हजारांच्या आसपास संगणक असावेत. त्यांपैकी सुमारे सहा हजार त्याने ठप्प केले, असा अंदाज आहे. नोंदवहीवाला पहारेकरी घरात बसून येथे पुरा पडणार नव्हता. तारेच्या तोंडाशीच कोणी तरी उभे राहून 'कोठून आलात, कोणाकडे काम आहे' असे विचारावयास हवे होते. संगणकाला अशी हजारो दारे असतात. त्यांतील जी लागत नाहीत ती बंद ठेवणे आणि न बोलावता आलेल्याला परत पाठविणे, हे फायरवॉलचे काम.

परंतु वेस बांधली म्हणजे ती लावली जाते असे नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी विक्रीस काढली, तेव्हा तिच्यात फायरवॉल होती. पण ती मुळात बंद ठेवलेली होती आणि सुरू करावयाची हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा किडा ह्याच उघड्या वेशीतून शिरला. लोक इंटरनेट जोडीत आणि थोड्याच वेळात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविण्याचे साहित्य कंपनीने जवळजवळ महिनाभर आधी वाटले होते. घेतले नाही ते लोकांनी. ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून मात्र ती वेस प्रथमपासूनच लावलेली येऊ लागली. घरगुती संगणकाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल कोणता, असे आम्हांस विचारले, तर आम्ही ह्याकडे बोट दाखवू. तो विकत घ्यावा लागला नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

अँटिव्हायरसच्या बाबतीतही पुढे तेच घडले. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अँटिव्हायरस फुकट दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' ह्या नावाने तो संगणकाच्या अंगचाच झाला. शिवाय इंटरनेटसाठी कंपनी जी राउटरची पेटी भिंतीवर बसवून जाते, तीही बाहेरून न बोलावता येणाऱ्याला सहसा आत घेत नाही. म्हणजे नव्या संगणकाच्या गृहस्थाला दोन वेशी आणि एक पहारेकरी एक रुपयाही जास्त न देता मिळालेले असतात. हे त्याला दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

चौथी वाट खंडणीची. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' आला आणि सुमारे दीडशे देशांतील संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी तीनशे डॉलर मागू लागला. येथेही भगदाड बुजविण्याचे साहित्य मार्चमध्येच मिळालेले होते. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या नेहमीच्या सुधारणेतून तो पसरला, म्हणजे विश्वासाच्या गड्याच्या हाती विष आले! त्याचा फटका डेन्मार्कच्या मर्स्क समूहाला बसला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाच्या धक्क्याचे काम थांबले. युद्ध कोणाचे आणि कंटेनर अडले कोठे!

खंडणीखोरावर उतारा पहारेकऱ्यापाशी नसतो, तो कोठारात असतो. पन्हाळ्यावरचा अंबारखाना आपण सर्वांनी पाहिला आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या कोठ्यांची नावे. वेढा पडला तरी गड उपाशी मरू नये, ही ती तजवीज. घरातील फोटो, कागदपत्रे, दुकानाचा हिशेब ह्यांची एक नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवणे, हा आपला अंबारखाना होय. काढून ठेवणे महत्त्वाचे, कारण जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते. मूळ फाइली शाबूत नक्कल असलेल्या घरी खंडणीखोराला निम्मेअधिक निःशस्त्र व्हावे लागते.

आता पहारेकऱ्याविषयीच दोन शब्द. त्याला घराच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, म्हणून त्याची पारख अधिक कडक हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या नामांकित संरक्षण-कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. शत्रू कोणीच नव्हता, पहारेकरीच दारात कोसळला. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेने कॅस्परस्की ह्या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली. तो वाईट काम करतो म्हणून नव्हे, तर त्याचा धनी कोणाच्या राज्यात राहतो म्हणून. आणि ह्याहून नीच प्रकार म्हणजे तोतया पहारेकरी. पडद्यावर एकाएकी लाल अक्षरे येतात, 'तुमच्या संगणकात इतके व्हायरस सापडले, ताबडतोब येथे दाबा.' येथे चोरच शिट्टी वाजवीत गस्तीवर निघालेला असतो.

एवढा सगळा बंदोबस्त केल्यावर घर सुरक्षित झाले काय? येथे इतिहास आपल्या गावात येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या, १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ११ तारखेला, पैसे काढण्याची विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे पोचू न देता, मध्येच बसविलेली एक खोटी यंत्रणा परस्पर 'द्या' म्हणून मंजुरी देऊ लागली. बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांत एटीएमसमोर उभीच होती. काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले आणि १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! देशात जे अडीच कोटी काढले गेले, त्यांतील काही रक्कम आपल्या कोल्हापुरातील एटीएममधून निघाली. जागतिक टोळीचे हात आपल्या पेठेतून गेले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला एटीएमसमोर उभा असलेला कोणी गिऱ्हाईकच दिसला असेल. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने जाहीर केले. आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी अकरा जणांना शिक्षा ठोठावली. परंतु ध्यानात घ्यावयाचे ते हे की, आपल्यापैकी कोणाच्याही घरच्या अँटिव्हायरसला ह्यात काडीचेही करता आले नसते. काही वेशी आपल्या हाती नाहीत, त्या संस्थांच्या हाती आहेत. त्यांच्याकडे जाब मागणे, हे सभासदाचे आणि नागरिकाचे काम आहे.

आणि पाचवी वाट खुद्द माणसाच्या मनाची. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला चार महिने वेढा घातला. महाराज निसटले, तट मात्र तोफांना बधला नाही. तोच पन्हाळा १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठेक माणसांनिशी एका रात्रीत घेतला. तट तेवढाच उंच होता. आतली फौज बेसावध होती. तेव्हाच्या त्या विजयाचा आपणांस अभिमान आहे, पण आज गडात आपण आहोत, हे विसरून चालणार नाही. आजचा चोर तट फोडीत नाही. तो फोन करून आपण पोलीस अधिकारी असल्याचे सांगतो, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो, ह्याला 'डिजिटल अरेस्ट' असे भारदस्त नाव देतो आणि निवृत्त शिक्षकाकडून जन्माची पुंजी त्याच्याच हाताने पाठवून घेतो. आपल्या कायद्यात असली अटक मुळी नाहीच. येथे संगणक निरोगी असतो, फायरवॉल चालू असते, अँटिव्हायरस हिरवी खूण दाखवीत असतो. आतून कडी काढणाऱ्या धन्याला पहारेकरी कसा अडविणार?

तेव्हा, श्रोतेहो, 'कोणता घेऊ?' ह्या प्रश्नाला ह्या इतिहासाने दिलेले उत्तर असे आहे. प्रथम संगणकाची मूळ प्रणाली जिवंत आहे काय ते पाहावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि भगदाड बुजविणारा गवंडीच उरला नाही तर महागडा पहारेकरी व्यर्थ आहे. सुधारणा आल्या की त्याच दिवशी घ्याव्यात. ब्लास्टर आणि वॉनाक्राय ह्या दोघांनीही तोच एक धडा शिकविला. मग अंगची फायरवॉल आणि अंगचा अँटिव्हायरस चालू आहेत ह्याची खात्री करावी, राउटरचा मूळचा पासवर्ड बदलावा आणि नक्कल कपाटात ठेवावी. घरात एक-दोघेच जपून संगणक वापरीत असतील, तर एवढ्यावर भागते, असे आमचे मत आहे.

जेथे दुकानाचा हिशेब आहे, दहा हातांतले पेन ड्राइव्ह लागतात, मुले मिळेल ते उतरवून घेतात किंवा अडल्यावेळी मराठीत बोलून मदत करणारे कोणी हवे आहे, तेथे विकतचा जरूर घ्यावा. घेताना ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट ह्या स्वतंत्र संस्थांनी दिलेले गुण पाहावेत, जाहिरात नव्हे. पहिल्या वर्षीची सवलत किती ह्यापेक्षा दुसऱ्या वर्षीची किंमत किती, हे आधी विचारावे. एकाच घरात दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. ते परस्परांनाच चोर समजून झटापट करतात. चोरीची प्रत तर घेऊच नये. आणि संशय आला, तर केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने आहेत, त्यांसाठी खिशात हात घालावा लागत नाही.

राहिली पाचवी वाट. तिच्यासाठी कोणत्याच दुकानात डबा मिळत नाही. घाई करावयास लावणारा, भीती घालणारा आणि 'घरात कोणाला सांगू नका' म्हणणारा फोन आला, की तो ठेवावा आणि पहिल्याने घरातच सांगावे. पैसे गेलेच, तर लाजून बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. फसलेल्या माणसाला घरच्यांनी 'एवढे कसे कळले नाही?' असे विचारू नये, अशी आमची विनंती आहे. त्या एका प्रश्नाच्या भीतीने किती वडीलधारी माणसे गप्प बसतात आणि चोराला पळावयास हवा तेवढा वेळ मिळून जातो. आज घरी गेल्यावर संगणक तपासावाच; पण त्याआधी घरातील वृद्धांपाशी दहा मिनिटे बसून ही गोष्ट त्यांना सांगावी.